कुंपणाच्या आतली झाडं

४ मार्च

भाऊजी,

तुमचे दादा गेल्याचं मी कळवलं होतं. तुम्ही आला नाहीत. हे पत्र त्याबद्दल नाही, तेव्हा पुढे वाचायला हरकत नाही.

लोक येतात, बसतात, रडतात. मी चहा करते. मला काही वाटत नाही, आणि हे इथे कुणाला सांगायची सोय नाही. दाताच्या डॉक्टरने सुई टोचल्यावर गाल असतो ना, आपलाच, पण बोट लावलं की दुसऱ्याचा वाटतो, तसं सगळं आहे. जिच्या हातून माईक ओढून घ्यावा लागायचा त्या तुमच्या वहिनीला आता दूधवाल्याला "उद्या नको" एवढं सांगायलाही शब्द जुळवावे लागतात. तो बिचारा दारात उभा राहतो आणि शेवटी दूध ठेवून जातो. घरात दूधच दूध आहे.

आता कामाचं. रानाच्या समितीला दादांचं स्मारक करायचं आहे. पुतळा नको, एवढं मी म्हणाले. अध्यक्ष म्हणाले, "मग भिंत." तुम्ही दोघांनी खांब रोवून घातलेलं तारेचं कुंपण काढायचं आणि त्या जागी दगडी भिंत बांधायची, पुरुषभर उंच, रानाभोवती चारी बाजूंनी. गुरांचं फाटकसुद्धा ठेवायचं नाही. माणसापुरतं एक दार आणि त्याची किल्ली समितीकडे. "बाई, त्यांनी आयुष्यभर जे केलं ते आपण कायमचं करून टाकू," असं ते म्हणाले, आणि त्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं. पायाभरणी एप्रिलमध्ये. भाषण माझं.

भिंत झाली तर रान मरेल. हे तुम्ही फार आधी, याच स्वयंपाकघरात उभे राहून सांगितलं होतं, तेव्हा नुसत्या तारेबद्दल. यांनी काय उत्तर दिलं तेही मला आठवतं. "या कुंपणाच्या आत तुझ्या शेळ्या नकोत, आणि त्यांची बाजू घेणार असशील तर तूही नकोस." तुम्ही ताट तसंच ठेवून उठलात, कळप हाकत डोंगरापलीकडे गेलात आणि तिथलेच झालात. मी भांडी घासत होते. मी काही बोलले नाही, आणि मी न बोलणं म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे.

आज सकाळी आत जाऊन आले. यांची पद्धत तुम्हाला माहीत आहेच. फांदीवर दोन टिचक्या मारायच्या, उघडा पंजा टेकवायचा आणि मुंग्या किती लवकर चावतात ते बघायचं. हातमोजा घालणाऱ्याला हे रानात पाऊल ठेवू देत नसत. मी टिचक्या मारल्या, पंजा टेकवला, उभी राहिले. राखणदार मुंग्या आल्याच नाहीत. बऱ्याच वेळाने एक बारीक काळी मुंगी बाहेर आली आणि माझ्या बोटावरून पलीकडे गेली, जेवणाच्या सुट्टीत साहेब बाहेर पडतो तशी, कुणाकडे न बघता.

सात-आठ झाडांवर करून पाहिलं. सगळीकडे तीच.

तब्येतीला जपा. गुडघा कसा आहे?

वहिनी


१६ मार्च

भाऊजी,

उत्तर आलं नाही. चालेल. मी लिहिते.

काल अध्यक्षांना रानात घेऊन गेले. बरोबर भिंतीचं काम घेतलेला गवंडी होता. अध्यक्ष आत शिरल्या शिरल्या खूश. "काय शांतता आहे बाई! एक पान कुणी तोडलेलं नाही. आणि हे ऐका." सुतार पक्षी टकटक करत होता. एक नाही, तीन-चार ठिकाणांहून. "दादा नेहमी सांगायचे, सुतार वाढले म्हणजे रान सुधारलं."

सांगायचे खरं. मीही ते वाक्य सभांतून किती वेळा टाळ्यांसाठी वापरलं असेल. सुतार वाढले, कारण खोडकिडा वाढला. प्रत्येक खोडात बोट जाईल एवढी भोकं आहेत, बुंध्याशी भुसा साठलाय. सुतारांची चंगळ आहे. आम्ही त्यांच्या जेवणावळीचा आवाज ऐकून झाडांची तब्येत ठरवत होतो. खाटीक पक्षी मात्र दिसत नाही. तो पकडलेले टोळ काट्यांना टोचून ठेवायचा. आता झाडांना तेवढे लांब काटेच येत नाहीत. कोणाला भोसकायचं म्हणून वाढवतील?

मग त्यांना तारेबाहेर नेलं, रस्त्याच्या कडेला, जिथे येणारी जाणारी शेळी तोंड मारून जाते. झाडं खुजी, ओबडधोबड, अर्धी पानं खाल्लेली. काटे मात्र बोटाएवढे, आणि त्यांच्या बुडाशी ती काळी फुगीर भोकाची घरं, वारा आला की शीळ वाजवणारी.

"हात ठेवा," मी म्हणाले.

"कशावर?"

"फांदीवर. घाबरू नका."

अध्यक्षांनी हात ठेवला आणि "आई गं!" करून अशी उडी मारली की चष्मा गवतात गेला.

गवंडी हसून हसून खाली बसला. "साहेब, झाडाने ओळखलं तुम्हाला."

"हसतोस काय, चष्मा शोध! बाई, ही मुंगी आहे की इंगळी?"

चष्मा मिळाल्यावर मी त्यांना समजावलं, तुम्ही आम्हाला समजावलं होतं तसंच. झाड पानांच्या देठाशी गोड थेंब काढतं आणि फुगीर काट्यांत राहायला जागा देतं. त्या बदल्यात पान खायला आलेल्याच्या नाकात मुंगी शिरते. पाहुणा दोन घास खातो, फुरफुरतो, पुढच्या झाडाकडे जातो. हा सगळा सौदा त्या खाणाऱ्यामुळे टिकतो. हरणं या बाजूला कधीच संपली होती, त्यांचं काम शेळ्या करत होत्या. आपण शेळ्या बंद केल्या. कोणीच खायला येईना, तेव्हा झाडाने हात आखडला. थेंब आटले, घरं कमी झाली, राखणदार उपाशी मेल्या नाहीतर निघून गेल्या. रिकाम्या जागी ती बारीक काळी आली. तिला थेंब नकोत, राखण करायची नाही. तिला राहायला खोडकिड्याची भोकं लागतात, त्यामुळे किडा आला तर तिला आनंदच. पूर्वी हेही झाडांनी ओढलं असतं. पण आता उन्हाळा लांबलाय, पावसाचं वेळापत्रक राहिलेलं नाही, आणि आतून पोखरलेल्या खोडाला लागोपाठचे कोरडे उन्हाळे सोसत नाहीत. आतली झाडं उभ्या उभ्या पोकळ होऊन पडताहेत.

अध्यक्ष हात चोळत ऐकत होते. माणूस वाईट नाही. म्हणाले, "पण बाई, कुंपण तर दादांनीच..."

"हो."

"मग मी लोकांना काय सांगू? दादा चुकले?"

मी त्यांच्या बाहीवरची मुंगी झटकली. ते हळूच म्हणाले, "शेवटी शेवटी त्यांचं मत बदललं होतं का? तशी काही इच्छा बोलून दाखवली होती? असेल तर सांगा. मग समितीत कुणी हूं की चूं करणार नाही."

"नाही," मी म्हणाले. "तसं काही बोलले नाहीत."

तेच खरं आहे.

भाऊजी, फाटक उघडलं तरी माझं घोडं पुढे अडतंच. कळप इथेही आहेत, पण ते मोकळे सोडले तर आठवड्यात बुंधे सोलून ठेवतील. एका झाडाला किती तोंड लावू द्यायचं आणि कधी पुढे हाकायचं हे तुमच्याशिवाय कुणाला जमायचं नाही. म्हणून विचारते. याल का? माझ्यासाठी नका येऊ. दादांसाठी तर मुळीच नका.

वहिनी


३० मार्च

भाऊजी,

कार्ड मिळालं. "वहिनी, रान दादाचं होतं. दादाच्या मनासारखं होऊ द्या. भिंत बांधा." अक्षर अजून सुंदर आहे. मजकूर गाढवपणाचा आहे.

रागावू नका, किंवा रागवा, मला बरं वाटेल. बऱ्याच दिवसांनी काहीतरी आत हललं ते तुमच्या या कार्डाने. मी ते वाचून टेबलावर आपटलं. चहा सांडला. मग पुसला, आणि पुन्हा होतं तसं झालं.

तुम्हाला काय हवंय ते मला कळतं. भिंत उभी राहील, रान वाळेल, आणि मग डोंगराच्या कडेवर शेळ्यांमध्ये बसून तुम्ही मनातल्या मनात म्हणाल, बघ दादा. तुम्ही बरोबर ठराल. शंभर टक्के बरोबर. आणि तुमचं बरोबर असणं बघायला इथे एक झाड नसेल, एक मुंगी नसेल, आणि तोही नाही ज्याला तुम्हाला ते दाखवायचं होतं. तो गेलाय, भाऊजी. त्याच्याशी भांडण जिंकायची वेळ संपली. आता जे जिंकाल ते फक्त या झाडांशी, आणि झाडांनी तुमचं काय बिघडवलंय?

दादाच्या मनासारखं, म्हणता. कुठल्या दादाच्या? लाकूडवाले कुऱ्हाडी घेऊन आले तेव्हा तुमच्या शेजारी आडवा पडलेला, तो? रात्रपाळी वाटून घेताना तुमच्या वाट्याची थंडी स्वतःकडे घेणारा, तो? लाकूडवाले येत होते तोवर तुम्हा दोघांत वारा शिरायला फट नव्हती. कुंपण झालं, लाकूडवाले बंद झाले, आणि नंतर दोन भावांना भांडायला एकमेकांखेरीज कोणी उरलं नाही. हे भाषणात फार छान बसलं असतं. मी घेणार नाही. माणसं म्हणजे मुंग्या नव्हेत, आणि मला आता टाळ्यांचा कंटाळा आलाय.

मी बोलणार आहे ते एवढंच: काय दिसतं, का झालं, काय करायला हवं. मी जगात ज्या गोष्टींवर विश्वास ठेवला त्यातली ही एक आहे, की माणसाला नीट समजावून सांगितलं तर तो ऐकतो.

पायाभरणी बारा तारखेला. तुमच्या "भिंत बांधा"चं उत्तर मी तिथे देईन.

वहिनी


१२ एप्रिल, संध्याकाळी

भाऊजी,

घाईने लिहिते आहे. काही लोक तुमच्याकडे यायला निघालेत. त्यांच्या आधी हे पत्र पोचावं म्हणून तुमच्या बाजूला जाणाऱ्या मालट्रकच्या ड्रायव्हरला उभा करून ठेवलाय, तो अंगणात हॉर्न वाजवतोय.

सकाळी सगळे जमले. प्लास्टिकच्या खुर्च्या, सावलीला कापड, गवंड्याने पायाची दोरी ताणून चुना टाकलेला. मी बोलले. चांगलं बोलले असेन, कारण शब्द जिथल्या तिथे पडत होते. मी मात्र ते लांबून ऐकत होते, शेजारच्या घरातला रेडिओ ऐकावा तसे. किडलेली फांदी आणली होती, ती मोडून आतला भुसा सगळ्यांसमोर टेबलावर झटकला. मुंग्या, शेळ्या, ऊन, सगळं सांगितलं. भिंत नको म्हणाले. फाटक उघडा म्हणाले.

लोकांनी ऐकलं. पुढच्या रांगेतल्या बायका डोळे पुसत होत्या. मला वाटलं, पटलं. मग अध्यक्ष उठले आणि अगदी मायेने म्हणाले, "बाईंचं दुःख आपण सगळे जाणतो. अशा प्रसंगी माणूस स्वतःच्याच आयुष्यावर रागावतो. आपण त्यांना सांभाळून घेऊ." सगळ्यांनी माना हलवल्या. कोणीतरी मला पाणी दिलं. कोणीतरी खुर्ची पुढे केली. टेबलावरचा भुसा एकाने फडक्याने पुसून टाकला. गवंड्याने पहिला दगड उचलायला माणसं बोलावली.

मी माईक परत घेतला.

म्हणाले, "शेवटच्या दिवशी त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, फाटक उघड. आणि माझ्या भावाला बोलाव."

बस्स, एवढंच. माझं आयुष्यातलं सगळ्यात छोटं भाषण. कापडाचं फडफडणं ऐकू येत होतं. मग मागून एकजण हुंदका देऊन रडला, आणि अध्यक्षांनी स्वतः वाकून चुन्यावरची दोरी गुंडाळायला घेतली. मला विचारलं, "मग त्या दिवशी रानात का नाही बोललात, बाई?" मी म्हणाले, "जमलं नाही." तेही त्यांनी मानलं. दुपारपर्यंत फाटकाचं कुलूप निघालं होतं. भिंत होणार नाही.

खरं काय ते ऐका. शेवटचे दिवस ते जवळजवळ बोलतच नव्हते. शेवटचं बोलले ते "पडदा ओढ." उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती. मी ओढला. तुमचं नाव त्यांनी घेतलं नाही. मी कान लावून बसले होते, घेतील म्हणून. नाही घेतलं. फाटकाबद्दल त्यांचं मत बदललं होतं की नाही, मला माहीत नाही. आजारी पडेपर्यंत रोज सकाळी फाटकापाशी जाऊन उभे राहायचे. राखायला, की उघडायला, की नुसतेच? मी विचारलं नाही, आणि आता काहीही मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. एकदा घातलं तेवढं पुरे.

लोक तुम्हाला सांगतील की दादाने बोलावलं. रडतील, गळ्यात पडतील. तुम्हाला ते खरं वाटलं असतं तर तुम्ही आला असता, हे मला कळतं. म्हणूनच हे लिहितेय. बाकीच्यांशी मी खोटं बोलले आणि उद्याही तसंच बोलेन. रान उभं राहील तर ते त्या एका वाक्यावर उभं राहील. पण तुम्हाला ते वाक्य खोटं आहे हे ठाऊक असायला हवं. ज्याचा भाऊ होता त्याला तरी त्याचा खरा भाऊ मिळावा.

तो हॉर्न वाजवतोय.

शेळ्यांची गरज खरी आहे. तेवढं खोटं नाही.

वहिनी


९ मे

भाऊजी,

शेळ्या पोचल्या. तुम्ही आला नाहीत.

तुमच्या शेजारणीने आणल्या, ती उंच, सारखी शीळ घालणारी बाई. तिला विचारलं, माझं पत्र वाचून काय म्हणाले? "म्हणाले काहीच नाही. वाचलं, परत वाचलं, घडी करून टोपीत ठेवलं. लोक आले तेव्हा त्यांचं सगळं ऐकून घेतलं, त्यांना जेवायला घातलं. ते गेल्यावर कळप वेगळा काढायला लागले." मग म्हणाली, "वहिनी, तुमचा दीर म्हणजे दगड आहे हो." मी म्हणाले, घराणंच तसं आहे, मी लग्न करून त्यातलीच झाले. ती हसली. मीही हसले वाटतं. तोंडाने तसा आवाज केला.

ती तुम्ही सांगितल्यासारखंच करते. झाडाशी कळप थांबला की शीळ, थोड्या वेळाने दुसरी शीळ, पुढे. एकाच झाडाकडे लगेच परत नाही. सुकलेल्या झाडांना लावतच नाही. मी मागून चालते. यांनी पाणी घालून वाढवलेल्या झाडाच्या शेंड्याला पहिली शेळी मागच्या पायांवर उभी राहिली आणि तिने फांदी खाली ओढली, तेव्हा काड्या मोडल्याचा आवाज झाला. मी तिथेच होते. वाटलं होतं की त्या आवाजाने काहीतरी होईल मला. मी उभी राहिले, तिचं खाणं बघितलं, आणि तिने पुढचं झाड धरलं तेव्हा मीही पुढे गेले.

मुंग्या परत येतील का, मला सांगता येत नाही. बाहेरच्या झाडांवरून यायचं तर त्यांना आधी इथे थेंब लागतील, थेंबांसाठी झाडात जीव लागेल, आणि या उन्हाळ्यात तो किती झाडांत उरलाय कोण जाणे. अध्यक्ष रोज येऊन विचारतात, "चावतात का?" नाही म्हटलं की निराश होतात. हल्ली ते बाहेरच्या झाडावर मुद्दाम हात ठेवून येतात आणि मला लाल झालेला पंजा दाखवतात, जणू पदक मिळालंय.

शेजारीण परवा कळप घेऊन परत निघणार आहे. तुमची पांढऱ्या कानाची शेळी मात्र दगडात पाय मुरगळून बसली आहे, तिला इतकं चालवत नाही. मी मागच्या खोलीत ठेवलीय. पाला खाते, पाणी पिते, पण पाय बांधायला गेलं की शिंगं रोखते. मला नाही, डॉक्टरला नाही, कुणालाच धरू देत नाही. शेजारीण म्हणाली, तिला तुम्हीच धरू शकता. तेव्हा ती न्यायला तुम्हाला यावं लागेल. दादांशी याचा काही संबंध नाही.

येताना ओढ्याकडून, मागच्या बाजूने या. पुढच्या फाटकावर समितीने यांचे शेवटचे शब्द रंगवून पाटी लावली आहे.

वहिनी